टेस्ट राइडच्या आधी हात बसवा

प्रश्न: मी ४७ वर्षांचा, जुळे सोलापुरात राहतो. कॉलेजपासून स्प्लेंडर चालवली, पण कार आल्यापासून बारा वर्षं दुचाकीला हात लावलेला नाही. आता पुन्हा गाडी घ्यावीशी वाटते आणि मनात रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे. परवा टेस्ट राइड घेतली. चौकात गाडी दोनदा बंद पडली, वळवताना पाय टेकवावा लागला आणि एकदा गिअर टाकताना मागचं चाक जोरात झटकलं. सेल्समन म्हणाला, ‘साहेब, चार दिवसांत जमेल.’ बायको म्हणते, आता हे वय आहे का? माझी उंची ५ फूट ५ इंच. रोज ऑफिसला जाणं-येणं, आणि महिन्यातून एकदा दोघं मिळून अक्कलकोट नाहीतर तुळजापूर. ३५० घ्यावी की लहान गाडी? टेस्ट राइडमध्ये नेमकं काय बघायचं? जुनी स्प्लेंडर भावाकडे अजून उभी आहे.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या बाबतीत जे झालं त्याचा वयाशी फारसा संबंध नाही, पण ते चार दिवसांत आपोआप जाणारंही नाही. तिन्ही गोष्टींना ठरावीक कारणं आहेत आणि ती दूर करता येतात. त्या दिवशी तुमचं सगळं लक्ष गाडी सांभाळण्यात गेलं, त्यामुळे ती गाडी कशी आहे हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही. ती राइड धरूच नका. दोन-तीन आठवडे हात बसवा, मग पुन्हा शोरूमला जा.

आधी गिअरचं बघू, कारण तुमच्या दोन तक्रारी तिथूनच आल्या असणार. स्प्लेंडरला चारही गिअर पुढून, म्हणजे चवड्याने खाली दाबत टाकायचे आणि उतरवताना टाचेने मागचा दांडा दाबायचा. क्लासिकला बरोबर उलटं आहे. पहिला गिअर चवड्याने खाली, पुढचे सगळे चवड्याने वर उचलून किंवा टाचेने दाबून. तुमच्या डाव्या पायाला स्प्लेंडरचंच पाठ आहे. तिसऱ्यातून चौथा टाकायला तुम्ही सवयीने चवडा दाबलात की क्लासिकचा पडतो दुसरा. इंजिनचे फेरे एकदम चढतात, मागचं चाक अडतं आणि गाडी झटका देते. ओल्या रस्त्यावर हेच झालं तर मागचं चाक घसरतं. चौकात याच्या उलट होतं. वेग कमी करून गिअर उतरवायला तुम्ही टाच दाबता, गिअर वर चढतो आणि गाडी धडधडून बंद पडते.

म्हणून नवी गाडी रस्त्यावर नेण्याआधी इंजिन बंद ठेवून डबल स्टँडवर बसा. क्लच दाबा, मागचं चाक कुणाला तरी हाताने फिरवायला सांगा आणि एक-दोन-तीन-दोन-एक-न्यूट्रल असं पंधरा-वीस वेळा करा. प्रत्येक वेळी तोंडाने ‘वर’ किंवा ‘खाली’ म्हणा. वेडेपणा वाटेल, पण पायाची जुनी सवय अशीच मोडते. पहिले काही दिवस टाचेचा दांडा नाहीच असं समजा. गिअर चढवताना चवडा खाली घालून वर उचला, उतरवताना चवड्याने दाबा. टाच मधे आली नाही की गोंधळ निम्मा कमी होतो.

गाडी बंद पडण्याचं आणखी एक कारण असू शकतं. २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, बऱ्याच गाड्यांमध्ये साइड स्टँड खाली असताना पहिला गिअर टाकला की इंजिन मुद्दाम बंद होतं. बारा वर्षांपूर्वीच्या गाड्यांना हे नव्हतं, त्यामुळे पुष्कळांना गाडीच बिघडली असं वाटतं. नव्या गाडीला चोक नाही, पेट्रोलची चावी नाही, रिझर्व्हही नाही, पेट्रोल कमी झालं की मीटरवरच कळतं. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा बारीक आवाज दोन-तीन सेकंद येतो, तो थांबला की सेल्फ मारा, रेस देऊ नका. क्लासिकला किक नाही, म्हणजे बॅटरीकडे लक्ष ठेवणं आलं. हेडलाइट दिवसाही चालूच राहतो, तो २०१७ पासूनचा नियम आहे.

आता कागदपत्रं. कार चालवता म्हणजे लायसन्स असणार, पण त्यावर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग, म्हणजे एमसीडब्ल्यूजी, छापलेला आहे का आणि मुदत कधीपर्यंत आहे ते आजच बघा. मुदत संपून एक वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाला पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला, म्हणजे फॉर्म १ए, लागतो. स्प्लेंडरचे कागदही बघा. नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर विजापूर रोडच्या आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्या. विमा आणि पीयूसीही लागेल. सरावासाठी एमआयडीसीतला रिकामा रस्ता निवडलात तरी तो सार्वजनिकच रस्ता आहे.

उभी राहिलेली स्प्लेंडर तशीच सुरू करून बाहेर काढू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी एवढ्या जुन्या टायरचं रबर कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात आणि ब्रेक लावल्यावर त्याची पकड राहत नाही. दोन्ही टायर-ट्यूब बदला, यात काटकसर नको. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका आणि कार्बोरेटरचे जेट साफ करून घ्या. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये बसतो आणि गाडी रेस न धरता फटफट करत बंद पडते. ऑइल बदला. क्लचची केबल दांड्याजवळ तुटायला आली आहे का ते बघा, लिव्हरच्या टोकाला एक ते दीड सेंटीमीटर मोकळी चाल ठेवा. चेन मधोमध वर-खाली दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. ब्रेकचे ड्रम उघडून लायनर बघा. उभ्या गाडीत आतला कॅम गंजून जॅम होतो, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही.

हेल्मेट नवीनच घ्या. आयएसआय खूण, म्हणजे आयएस ४१५१, हवी. शिंप्याच्या टेपने भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजा आणि तो माप-तक्त्याशी जुळवा. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत आणि हेल्मेट हाताने हलवलं की कपाळाची कातडीही हलली पाहिजे. दुकानात पंधरा मिनिटं घालून थांबा. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही, मोठं माप घेऊन उपयोग नाही, दुसरी कंपनी बघा. व्हायझर पारदर्शक घ्या, काळा नको. घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे हवेतच, कारण पडताना माणूस आधी हात टेकवतो.

आता सराव. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी सकाळी आतले रस्ते मोकळे असतात. उन्हाळ्यात नऊच्या आत आटपा, बेचाळीस डिग्रीत हेल्मेट घालून शिकलेलं डोक्यात राहत नाही. एका वेळी चाळीस मिनिटं पुरे. हात आणि मान दुखायला लागली की चुका वाढतात.

पहिल्या दिवशी फक्त क्लच. पहिला गिअर, रेस शून्य. क्लच इतका हळू सोडा की गाडी कुठे ओढायला लागते ते बोटांना कळेल. तिथेच बोटं थांबवा, पंधरा मीटर चालण्याच्या वेगाने जा, थांबा. असं वीस वेळा. मग तेच पंधरा मीटर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊन, पाय न टेकवता. क्लच अर्धा, रेस अगदी किंचित आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला. या तिन्हींचा मेळ बसला की सात रस्ता चौकाच्या गर्दीत गाडी आपोआप हातात राहते.

वळवताना पाय टेकवावा लागतो त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असतं. नजर पुढच्या चाकावर असते, क्लच पूर्ण दाबलेला असतो, नाहीतर हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागतो. गाडी जिकडे बघाल तिकडे जाते, म्हणून वळण सुरू व्हायच्या आधी हनुवटी फिरवून जिथे बाहेर पडायचं तिकडे बघा. क्लच पूर्ण दाबला की चाकाची ओढ जाते आणि तोल ढळतो. आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला कोसळते, १९५ किलोची क्लासिक मग पायाने सावरत नाही. दोन पाण्याच्या बाटल्या दहा मीटरवर ठेवून आठचा आकडा काढा, जमलं की आठ मीटरवर आणा. उजव्या हाताची बोटं ब्रेकवरून काढून ठेवा, फक्त मागचा वापरा.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला द्या. कार चालवणाऱ्याची एक सवय दुचाकीवर घात करते: संकट दिसलं की उजवा पाय दाबणं. कारमध्ये त्या एका पायाने चारही चाकं थांबतात. दुचाकीवर त्या पायाखाली फक्त मागचं चाक आहे, आणि ब्रेक लागताच वजन पुढे सरकल्याने तेच चाक हलकं झालेलं असतं. ते लगेच अडतं, घसरतं, आणि गाडी थांबत मात्र नाही. गाडी थांबवण्याचं बरंच मोठं काम पुढच्या ब्रेकचं आहे. तो झटक्यात ओढायचा नाही. आधी हलका दाबा, पुढचे शॉकअप खाली बसले की मग घट्ट. २० च्या वेगाने सुरू करा, मग ३०, मग ४०. हँडल सरळ, नजर लांब. रस्त्यावर खडूची रेघ मारून दर वेळी थांबायला किती पावलं लागली ते मोजा.

४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ते ११ मीटर संपलेच. पुढे चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर, चांगल्या डिस्कने आणखी दहा-अकरा मीटर लागतात. ड्रम ब्रेकच्या स्प्लेंडरला त्याहून जास्त. ६० च्या वेगाला हेच एकूण अंतर चाळीस मीटरच्या आसपास जातं, म्हणजे वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट.

२०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. ते काम करायला लागलं की लिव्हर बोटांखाली थरथरतो. पुष्कळ जण घाबरून ब्रेक सोडतात. सोडायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

कारच्या आणखी दोन सवयी आहेत. दुचाकीचा इंडिकेटर वळल्यावर आपोआप बंद होत नाही, आणि मागचा माणूस चालूच इंडिकेटर बघून तुम्ही वळणार असं धरून चालतो. आणि लेन बदलताना आरशाबरोबर खांद्यावरून एक नजर टाका. आरशात न दिसणारा स्कूटरवाला सोलापुरात डाव्या बाजूनेही येतो.

क्लच, तोल आणि ब्रेक यांसाठी स्प्लेंडर उत्तम आहे, पण गिअरची जुनी सवय ती मोडू देणार नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात ओळखीच्या कुणाची पल्सर १५० मिळाली तर तिच्यावर सराव करा. तिला पहिला खाली, बाकीचे वर. क्लासिकलाही हेच पाठ लागणार आहे.

टेस्ट राइडला कामाच्या दिवशी, गर्दी नसलेल्या वेळी जा. लायसन्स, स्वतःचं हेल्मेट आणि रोजचे बूट बरोबर ठेवा. आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन गार असू द्या. थंड गाडी पहिल्या सेल्फला लागते का, हे गरम गाडीवर कळत नाही. डेमो गाडीचा विमा चालू आहे का विचारा. नुकसानभरपाईचा फॉर्म पूर्ण वाचूनच सही करा, कोरी जागा सोडू नका. टायरची हवा समोर मोजायला लावा आणि चेन बघा. डेमो गाड्या दिवसभर कुणीही पिटाळतो. हवा कमी असली तर हँडल जड लागतं, चेन ढिली असली तर गिअर खडखडतात, आणि दोष मात्र मॉडेलला लागतो.

गाडी सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसती हाताळा. तुमच्या उंचीसाठी ही दहा मिनिटं महत्त्वाची आहेत. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५. तो फरक दिसायला थोडा आहे, वजनाचा मात्र मोठा: स्प्लेंडर ११२ किलो, क्लासिक १९५. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का? गाडीवर बसून पाच मीटर मागे ढकलता येते का? दोनदा डबल स्टँडवर लावून बघा. हँडल पूर्ण एका बाजूला वळवलं की लांबचा हात ताठ होतो का? ताठ होत असेल तर यू-टर्नला त्या हाताने तोल जाईल. क्लच वीस वेळा दाबा, मनगट आताच दुखलं तर सिग्नलच्या रांगेत जास्त दुखेल.

राइड शोरूमच्या गल्लीतून एक फेरी मारून संपवू नका, आठ-दहा किलोमीटर मागा. सेल्समन मागे बसणार असेल तर एक फेरी त्याच्यासह, एक त्याच्याशिवाय. रस्ता तुम्ही ठरवा. थोडी सात रस्त्यासारखी गर्दी, थोडा खड्ड्यांचा रस्ता, थोडा विजापूर रोडवरचा शहराबाहेरचा मोकळा पट्टा, आणि एक यू-टर्न. गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये २० च्या वेगाने गाडी न धडधडता चालते का आणि उभं राहून न्यूट्रल सापडतं का ते बघा. दहा मिनिटं गर्दीत चालवून उजव्या पोटरीला इंजिनची धग किती लागते ते जाणून घ्या. ही तपासणी थंडीत केली तरी मे महिना डोळ्यांसमोर ठेवा. मोकळ्या रस्त्यावर ४०, ६०, ८० अशा तीन वेगांना हँडल, पायदान आणि आरसा यांची थरथर बघा. आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते की नुसता ठिपका? मागे कुणी नाही याची खात्री करून ४० वरून एकदा जोरात थांबा, आता ते तुम्हाला येत असेल. गतिरोधकावरून १५-२० ने जाताना मागचे शॉकअप तळाला आपटतात का तेही बघा.

दुसऱ्या राइडला वहिनींनाही शोरूमला न्या, पण त्यांना उभ्या गाडीवरच मागे बसवून बघा. शक्य तर संध्याकाळी जा, म्हणजे हेडलाइटचा उजेडही कळेल. मागची सीट पुरेशी रुंद आहे का, साडी किंवा ओढणी चाकापासून लांब राहते का, पायदानावर गुडघे फार वर येतात का आणि धरायला काय आहे, हे त्याच सांगू शकतील. गाडी दोघांसाठी घेताय, तेव्हा त्यांचं मत निम्मं धरा. त्याच दिवशी बुकिंगचे पैसे देऊ नका. आणि विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून दर काढा.

३५० की लहान? क्लासिकची ताकद अंगावर येणारी नाही, वीसेक अश्वशक्ती शांतपणे मिळते. तुमचा प्रश्न वजनाचा आहे. रोजच्या ऑफिससाठी आणि महिन्यातून एकदा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरसाठी आम्हाला १५०-१६० सीसीची, १४० ते १५५ किलोंची, एबीएसवाली गाडी जास्त योग्य वाटते. पण क्लासिक मनात बसली असेल तर तिन्ही गोष्टी जमल्या पाहिजेत: पार्किंगमधून मागे ढकलत एकट्याने काढता येणं, पाय न टेकवता यू-टर्न आणि दहा मिनिटं गर्दीतली धग सोसणं. एकही अडली तर लहान गाडी घ्या, नाहीतर रोज सकाळी गाडी काढायचाच कंटाळा येईल. दोन्ही वर्गांतल्या गाड्या एकाच आठवड्यात चालवा, म्हणजे तुलना ताजी राहील.

गाडी घरी आल्यावर पहिला महिना शहरातच काढा. पहिली लांब फेरी अक्कलकोट, भल्या सकाळी. तुळजापूरचा घाट नंतर, एकट्याने एकदा करून मगच डबल सीट. गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. उसाच्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असं नाही आणि एकामागे दोन ट्रॉल्या असतात. एक ओलांडली असं वाटतं तेव्हा दुसरी अजून शेजारी असते. पाऊस पडला की शेतातून रस्त्यावर येणारे ट्रॅक्टर चाकांना काळी माती लावून आणतात. ती ओली झाली की डांबरावर साबण पसरल्यासारखं होतं. असा पट्टा दिसला की त्याच्या आधीच वेग कमी करा आणि वर आल्यावर ब्रेक, रेस, वळण यांतलं काहीही करू नका, सरळ पार व्हा.

वहिनींची काळजी रास्त आहे. पहिले दोन महिने त्यांना मागे बसवू नका. नंतर बसवाल तेव्हा मागच्या टायरची हवा स्टिकरवरच्या डबल सीटच्या आकड्याइतकी करा, मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा घट्ट करा आणि ब्रेक नेहमीपेक्षा आधी सुरू करा. पहिल्या फेरीआधी त्यांनाही सांगा: गाडी पूर्ण थांबून तुम्ही ‘हं’ म्हणेपर्यंत चढायचं-उतरायचं नाही, आणि वळणावर उलट्या बाजूला झुकायचं नाही.